हाताची चव

"मग एकदाच सांगून टाका, महाराज. माझ्या हाताला चव आहे की नाही?"

आप्पाबुवा घाटाच्या खालच्या पायरीवर उभे राहून धोतर धूत होते. त्यांनी ते पाण्यातून वर काढलं, एक टोक त्रिंबकच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घट्ट धर."

त्रिंबकनं धरलं. दोघांनी दोन बाजूंनी पीळ दिला. पाणी गळून गेलं.

"मी काहीतरी विचारलं," त्रिंबक म्हणाला.

"ऐकलं की."

"मग?"

"अजून एक पीळ दे. मधे ओलं राहिलंय."

...

त्रिंबक आचारी म्हणजे कुणी ऐरागैरा माणूस नव्हता. पंचक्रोशीत लग्न निघालं की मुलीचा बाप आधी त्रिंबक कधी मोकळा आहे ते विचारायचा आणि मग भटजींकडे मुहूर्त काढायला जायचा. निदान त्रिंबक तरी असंच सांगत असे.

एका इनामदारांच्या घरी मुंज होती. पंगत उठायच्या बेतात असताना खुद्द इनामदार मुदपाकखान्यात आले. त्यांनी त्रिंबकला दंडाला धरून बाहेर आणलं, सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर शाल घातली आणि हात धुवायला निघालेली माणसं वाहवा करत जागच्या जागी थांबली. त्या दिवसापासून त्रिंबकला वाहवा लागायला लागली. कुणाला जेवणावर विडा लागतो, तशी त्याला ती लागे.

मग विषमज्वर आला. ताप उतरला, माणूस वाचला, जीभ मात्र गेली. गूळ तोंडात घातला काय आणि माती घातली काय, सारखंच. घरी सांगायला कुणी उरलं नव्हतं आणि बाहेर सांगायची सोय नव्हती. आचाऱ्याची जीभ गेली हे एकदा गावाला कळलं, की त्याला पाणक्याच्या कामालासुद्धा कुणी बोलावत नाही.

त्रिंबकनं लोकांना सांगितलं, मला वैराग्य आलंय. आणि तो उठून बेलवाडीला आप्पाबुवांच्या मठात आला.

वैराग्य अगदीच खोटं नव्हतं. पण मठ निवडण्यामागं आणखी एक कारण होतं आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मठातला स्वैपाक आधी देवाला जातो. नैवेद्य दाखवेपर्यंत रांधणाऱ्यानं चाखायचं नाही, असा तिथला कडक रिवाज. जीभ गेलेल्या आचाऱ्याला लपायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

दुसराही एक रिवाज होता. मठाच्या पंगतीत अन्नाला कुणी नाव ठेवायचं नाही, की कुणी वाखाणायचं नाही. पानात पडेल ते मुकाट जेवायचं.

पहिल्या रिवाजानं त्रिंबकला आसरा दिला. दुसऱ्यानं त्याचा जीव नकोसा केला.

...

त्रिंबक सोवळ्यात रांधायचा. सोवळ्यातल्या माणसानं चारचौघांत मिसळायचं नाही, म्हणून पंगत चालू असताना तो चुलीपाशीच बसून असे. वाढप करायला म्हादबा होते. हे म्हादबा पोलिसात जमादार होते, पेन्शनीत निघाल्यावर मठात आले. खाकी सुटली होती, मिशी तेवढी सरकारी राहिली होती.

पंगतीतलं त्रिंबकला काही दिसत नसे. दाराआडून ऐकू मात्र येई.

आणि ऐकू काय येई? कधी कधी नुसता भाताचा घोष. "भात आणा." "इकडं भात." "म्हादबा, अजून भात." असल्या दिवशी त्रिंबकचा जीव सुपाएवढा व्हायचा. बोलत नाहीत बिचारे, रिवाजाला बांधलेत, पण मागतात तर खरं. हात अजून शाबूत आहे. जीभ गेली म्हणून काय झालं.

पण हल्ली तेही बंद झालं होतं. पंगत बसायची, जेवायची, उठायची. भाताची एक हाक नाही. भातानं अर्धं भरलेलं पातेलं तसंच आत परत यायचं. त्रिंबक त्या उरलेल्या भाताकडं बघत बसायचा. जीभ गेली होतीच, आता हातही गेला. मग त्रिंबक म्हणून उरलं काय?

म्हणून आज सकाळी गाठोडं बांधून तो घाटावर आला होता. बुवांनी एकदा तोंडानं चांगलं म्हणावं, म्हणजे राहीन. नाही म्हणाले तर वाट धरीन. कुठली वाट, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

...

धोतर पिळून झालं. बुवांनी ते झटकून खांद्यावर टाकलं.

"महाराज, जुने राजे वेडे होते का?" त्रिंबक म्हणाला. त्यानं हे सगळं मनात घोकून ठेवलं होतं. "गवयाच्या हातात कडं घातलं. पाथरवटाला इनाम दिलं. आचाऱ्याच्या अंगावर शाल घातली. त्यांनी कदर केली, म्हणून विद्या टिकल्या. गुणी माणसाला कुणी चांगलं म्हटलं नाही तर तो वाळून जातो."

"खरं आहे," बुवा म्हणाले.

त्रिंबक जरा गडबडला. इतक्या लवकर खरं होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"हा घाट कुणी बांधला रे?" बुवांनी विचारलं.

"कुणी सरदारानं. वर शिळेवर नाव कोरलंय त्याचं."

"काय नाव?"

त्रिंबक रोज त्या शिळेजवळून जात-येत असे. त्याला नाव आठवेना.

"मलाही ठाऊक नाही," बुवा म्हणाले. "वाचू वाचू म्हणतो आणि राहून जातं."

तेवढ्यात वरून आक्का घागर घेऊन उतरताना दिसल्या. आक्का मठातल्या सगळ्यांत जुन्या. तांदूळ निवडणं, फुलं वेचणं, आल्यागेल्याची विचारपूस, सगळं त्यांच्याकडं. गुडघ्यांनी मात्र त्यांच्याशी कधीचाच अबोला धरला होता. घाटाच्या वळणावर पायऱ्या उंच आहेत. तिथं भिंतीतला एक दगड इतरांपेक्षा थोडा बाहेर आलेला होता. आक्कांनी त्याच्यावर हात टेकला, उतरल्या आणि पाण्याशी गेल्या.

"तो दगड पाहिलास?" बुवा म्हणाले.

"कुठला?"

"आक्कानं हात टेकला तो. पाथरवटानं मुद्दाम बाहेर ठेवलाय. त्याचं नाव कुठंच नाही."

"हेच म्हणतोय मी. त्याला दाद कुणी दिली?"

"आत्ता आक्कानं दिली की."

"आक्कांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही."

"नाही बघितलं," बुवा म्हणाले. "बघायची पाळीच आली नाही तिच्यावर."

...

त्रिंबकला राग आला. तोंडी वादात हरल्यावर येतो तसा.

"दगडाचं दगडाला बरं, महाराज. मी माणूस आहे. इतके दिवस तुमच्या चुलीपुढं बसलो. तुम्ही एकदासुद्धा हूं की चूं केलं नाहीत. मी निघालो. गाठोडं बांधून ठेवलंय."

बुवांनी खांद्यावरचं धोतर सारखं केलं.

"बरं," ते म्हणाले. "जा."

थांब म्हणतील, निदान का म्हणून विचारतील, अशी त्रिंबकची खात्री होती.

"पण उपाशी जाऊ नको. जेवून जा," बुवा म्हणाले. "आज मी रांधतो. तू पंगतीला बस."

मठात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आप्पाबुवांनी चूल पेटवलेली कुणी कधी पाहिली नव्हती. डाळ कुठल्या डब्यात असते, हे त्यांना बाहेर येऊन विचारावं लागलं, असं म्हादबा मिशीतल्या मिशीत हसत सांगत होते.

...

दुपारी नैवेद्य झाला. पानं मांडली. त्रिंबक पहिल्यांदाच पंगतीत बसला. शेजारी आक्का होत्या. हातात काही काम नसताना पाटावर बसून राहणं त्याला जड जात होतं. हात कुठं ठेवावेत तेच कळेना.

म्हादबा मीठ वाढत आले. त्रिंबकच्या पानाच्या डोक्याशी त्यांनी चांगला मूठभर ढीग घातला.

"अहो, एवढं?" त्रिंबक म्हणाला. "मीठ नखावर मावेल इतकं वाढायचं असतं."

"ऱ्हाऊ द्या, नाना," म्हादबा म्हणाले आणि पुढं सरकले. बुवांखेरीज मठात सगळे त्रिंबकला नानाच म्हणत.

त्रिंबकनं मान हलवली. वाढप्याला वळण नाही. आपण आतच बसून राहिलो, लक्ष दिलं नाही.

भात आला, वर आमटी आली. श्लोक झाला. सगळ्यांनी हात घातला.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. बुवा चुलीपासून उठून दारात आले आणि मोठ्यानं म्हणाले, "त्रिंबका, आमटी कशी झालीय?"

पंगतीतले सगळे हात थांबले. मठात असला प्रश्न कुणी कधी ऐकला नव्हता. आक्कांनी घास तसाच धरून ठेवला.

त्रिंबकनं आणखी एक घास घेतला. तोंडात घोळवला. जिभेला ऊन लागलं, मऊ लागलं, बाकी काही नाही. पण इतक्या वर्षांचा आचारी, त्यातून चारचौघांत त्याचं मत विचारलेलं. इनामदारांच्या मुंजीनंतर असा मान त्याला मिळाला नव्हता. त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

"डाळ चांगली मोडलीय," तो म्हणाला. "फोडणी जरा घाईनं पडलीय. चिंच बेतानं. आणि मीठ... मीठ मात्र फार नेमकं. आणखी एक खडा पडता तर बिघडली असती. बरोबर जागी थांबलात, महाराज."

बुवांनी मान डोलावली आणि ते आत गेले.

पंगत पुन्हा जेवू लागली. त्रिंबक समाधानानं पुढचा घास कालवणार, तेवढ्यात त्याचं लक्ष आक्कांच्या पानाकडं गेलं. आक्कांनी आपल्या पानातल्या ढिगातलं मीठ चिमटीत घेतलं, आमटीभातात टाकलं, बोटांनी कालवलं. मग आणखी थोडं. मग घास घेतला.

त्यानं पलीकडं पाहिलं. पलीकडचा माणूसही तेच करत होता. त्याच्या पलीकडचाही. समोरच्या रांगेत सगळे हात ढिगाकडं जात होते आणि परत येत होते. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी कुणाकडं पाहिलं नाही. लिंबू पिळावं इतक्या सवयीनं चाललं होतं ते. हे आज पहिल्यांदा घडत नव्हतं. त्या हातांना वळण पडलेलं होतं.

त्रिंबकचा घास हातातच राहिला.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "यात मीठ नाही?"

"न्हाई."

"कमी आहे?"

"खडासुदिक न्हाई." आक्कांनी त्याच्या पानात डोकावून बघितलं. त्याच्या मिठाच्या ढिगाला बोट लागलेलं नव्हतं. त्यांचा आवाज मऊ झाला. "जेवा, नाना. असतंय असं कवाकवा."

"कवाकवा..."

आक्कांनी आपला घास कालवला.

...

जे कुणाला कळू नये म्हणून त्रिंबकनं घर सोडलं, गाव सोडलं, ते इथं प्रत्येक पानावर ढीग घालून मांडलेलं होतं. उठून पळावं असं त्याला वाटलं. पण पंगतीतून उष्ट्या हातानं मधेच कसं उठायचं? ही शिस्त त्यानंच आयुष्यभर दुसऱ्यांना लावली होती.

मग तो बोलला. बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

"माझी जीभ गेलीय. तापात गेली. मला काही कळत नाही... गोड नाही, खारट नाही. काहीच नाही."

आता आभाळ कोसळणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"ते ठावं हाय," म्हादबा समोर उभे होते. "भात घेनार का?"

त्रिंबकनं मान वर केली.

"ठाऊक आहे? कुणाला?"

"समद्यांस्नी."

"कधीपासून?"

"तुमी आला त्याच दिशीपास्नं म्हना की. पैल्याच आमटीत मीठ दोनदा पडलं हुतं. घातलं का न्हाई त्ये तुमच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल, आनि चाखायचं तर न्हाई."

"पहिल्या दिवशी?" त्रिंबकला तो दिवस लख्ख आठवत होता. "पण त्या दिवशी भात पुरला नव्हता. मी दुसऱ्यांदा आधण ठेवलं होतं. सारखा भात मागत होता तुम्ही."

"मंग काय करनार, नाना? तसली खारट आमटी पोटात घालायची, तर संगं भात नगं?"

पंगतीत कुणीतरी हसू दाबलं. ते दाबलेलं हसू ठसक्यात गेलं आणि शेजाऱ्याला त्याच्या पाठीत थापटावं लागलं.

ज्या ज्या दिवशी भाताचा घोष झाला, ते सगळे दिवस त्रिंबकच्या डोळ्यांसमोरून गेले. दाराआड तो किती फुशारून बसलेला असे. पहिल्या दिवशी तर आनंदानं डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. इकडं बाहेर ही माणसं एका घासाला चार घास भात लावून त्याची आमटी ढकलत होती.

आधी त्याचे खांदे हलले. मग पोट. मग तो मोठ्यानं हसला, इतका की पाट हलला. तो हसला तेव्हा बाकीच्यांनीही हसून घेतलं. किती दिवसांचं साठलं होतं कुणास ठाऊक.

डोळे पुसायला त्याला डावा हात वापरावा लागला. फार हलकं वाटत होतं. भरली घागर डोक्यावरून कुणीतरी उतरून घ्यावी, तसं.

"आणि हल्ली?" त्यानं विचारलं. "हल्ली तर कुणी भात मागतच नाही."

"हल्ली कशाला मागंल कोन?" आक्का म्हणाल्या. "हल्ली समदं बरोबर असतंय. तुमच्या हाताला आमची पातेली कळली आता. आधी लगनाच्या हंड्याचा हात हुता न्हवं."

"मग हल्ली चांगलं असतं?"

"चांगलं असतंय म्हून तर समदी गप असत्यात. मानूस जेवनार का बोलनार?"

ज्या शांततेला घाबरून त्रिंबकनं गाठोडं बांधलं होतं, ती ही.

आक्का पानाकडं बघत बोलत होत्या. "परवा तुमी भरीत केलंसा. माझी आई चुलीत वांगं भाजून आसंच करायची, दही घालून. ती गेली, मंग तसलं कुनी केलं न्हाई. त्या दिशी म्या सांज हुईस्तवर ह्यो हात धुतला न्हाई."

"का?"

"वास जाईल म्हून."

...

"मला सांगायचं होतंत, आक्का," त्रिंबक म्हणाला.

"तुमी भाईर कुटं येता," आक्का म्हणाल्या आणि घास घेतला.

त्रिंबकनं आपल्या पानातलं मीठ चिमटीत घेतलं आणि भातात घातलं. त्याला त्याचा उपयोग नव्हता. तरी घातलं.

...

तिसऱ्या प्रहरी बुवा मागच्या अंगणात पातेलं घासत बसले होते. रांधणाऱ्यानं घासायचं, असा त्यांचा हट्ट. त्रिंबक तांब्यानं पाणी ओतत होता.

"मठाचा नियम, म्हणून बोलला नाहीत?" त्रिंबकनं विचारलं.

"अर्धं नियमामुळं."

"आणि अर्धं?"

बुवांनी राखेची चिमूट घेतली.

"तू आलास तेव्हा तुझ्या पायांत बळ नव्हतं. डोळे आत गेले होते. पण चुलीपुढं बसलास की अंगात जीव आल्यासारखा दिसायचास. तुला उठवला असता तर तू कुठं बसला असतास?"

त्रिंबक पाणी ओतायचा थांबला.

"म्हणून इतके दिवस तुम्ही सगळ्यांनी खारट खाल्लंत. अळणी खाल्लंत."

"एकदा आमटीत भरपूर साखर पडली होती. म्हादबानं दोनदा मागून घेतली. त्याला अजून वाटतं, ती तू मुद्दाम केली होतीस."

त्रिंबक हसला आणि हसता हसता रडला. ते त्यानं लपवलं नाही. दिवसभरात पुरेसं उघडं पडून झालं होतं.

"मला वाटायचं, इथं माझी कुणाला किंमत नाही," तो म्हणाला.

बुवा पातेलं उलटं करून त्याचं बूड घासू लागले.

"त्रिंबका, पंगत बसायची तेव्हा आत बसून काय विचार करायचास?"

"हाच. माझ्या हाताला चव आहे का."

"आम्ही जेवलो का, हे कधी मनात आलं?"

...

त्रिंबकनं खरोखर आठवून पाहिलं. मठातलं आठवलं, त्याआधीची लग्नं आठवली, मुंजी आठवल्या. इनामदारांची मुंजसुद्धा आठवली. वाहवा करणारी तोंडं होती, ती तोंडं काय नि कसं जेवली होती, ते काही डोळ्यांपुढं येईना.

"नाही, महाराज," तो म्हणाला.

खरं बोलल्याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

"मग आता काय करू? चूल सोडू?"

"का? मीठ घालायची वेळ झाली की आक्काला हाक मार. ती घालेल. बाकीचं तुझ्या हाताला ठाऊक आहे."

"आणि नैवेद्य झाल्यावर?"

"सोवळं सोड. बाहेर ये."

"बाहेर येऊन काय करू?"

"वाढ," बुवा म्हणाले, आणि पातेलं त्याच्यापुढं धरलं. "ओत पाणी."

...

दुसऱ्या दिवशी त्रिंबकनं अंघोळ केली आणि रांधायला बसला. डाळ शिजली. हिंगाची फोडणी पडली. त्यानं हाक मारली. आक्का सोवळ्याचं लुगडं नेसून तयारच होत्या. आल्या, मीठ घातलं, हात झटकून गेल्या. एवढं सोपं होतं ते.

नैवेद्य झाल्यावर त्यानं सोवळं सोडून साधं धोतर नेसलं आणि आमटीचं भांडं उचललं. उंबऱ्याशी जरा अडखळला. म्हादबांनी भाताचं पातेलं घेतलं होतं. ते म्हणाले, "चला, नाना. गार हुईल."

तो वाढत निघाला.

पहिल्या फेरीला त्याचे कान सवयीनं टवकारलेले होते. दुसऱ्या फेरीला ते राहून गेलं, कारण बघायलाच खूप होतं. आक्का एकाच बाजूनं चावत होत्या. दुसऱ्या बाजूला दात नव्हते, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्यांची भाजी उद्यापासून जरा जास्त शिजवायला हवी. म्हादबा वाढता वाढता आपल्या पानाकडं डोळा ठेवून होते. त्यांची मिरची कुणी उचलू नये, एवढीच त्यांची काळजी. कडेला एक वाटसरू बसला होता, लांबून चालत आलेला. त्यानं पहिले घास भराभर घेतले. मग त्याचा हात सावकाश होत गेला, कपाळाची आठी उतरली आणि तो भिंतीला टेकून शांतपणे जेवू लागला.

त्रिंबक त्याच्यापुढं भांडं घेऊन उभाच राहिला. वाढायचं विसरला. वाटसरूनं वर बघितलं तेव्हा कुठं तो भानावर आला.

भात कुणी मागितला नाही. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

रांगेच्या शेवटी बुवा बसले होते. त्यांचं पान पुसल्यासारखं स्वच्छ झालं होतं. त्रिंबक त्यांच्यासमोर उकिडवा बसला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं आणि त्याची त्याला आठवणही नव्हती.

जन्मभर गावंच्या गावं जेवू घातलेल्या त्या माणसानं कधी कुणाला विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"महाराज, पोट भरलं?"

बुवांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"माझं भरलं," ते म्हणाले. "तुझं?"